कोंबड्यांसह बिऱ्हाड हलवताना

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून उंबरगाव, सरीगाम, वापी किंवा सेलवासला कामासाठी राहायला जाणारी कुटुंबं थोडीथोडकी नाहीत. कारखान्यात काम लागलं, खोली भाड्याने ठरली, मुलांचे शाळेचे दाखले निघाले, की टेम्पो सांगितला जातो. भांडी, गोधड्या, गॅसची शेगडी, सगळ्याचा विचार आधीच झालेला असतो. परसातल्या कोंबड्या मात्र टेम्पो दारात उभा राहिल्यावर आठवतात. मग धावाधाव करून त्या पकडायच्या, पायांना सुतळी बांधायची, गोणीत घालून सामानाच्या फटीत सारायच्या. वापीला गोण उघडली की एखादी मेलेली निघते, आणि बरेचदा ती घरातल्या धाकट्या मुलीच्या हाताला दाणे टिपणारी असते.

हे टाळता येतं आणि त्यासाठी फारसे पैसेही लागत नाहीत. वेळ मात्र द्यावा लागतो. तलासरीहून वापी तासाभराचा रस्ता आहे, डहाणूहून थोडा जास्त. त्या तासाभरासाठी आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे राखून ठेवा, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. नीट नेलेली कोंबडी रस्त्यात क्वचित मरते. ती मरते रोगाने, आणि तो रोग बहुतेकदा निघण्याआधी नाहीतर पोचल्यानंतर जडलेला असतो.

पहिला निर्णय कोणाला न्यायचं याचा. सगळ्या कोंबड्या नेण्याचा हट्ट नको. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी हलवली की ती अंडी सोडते आणि पिल्लं गमावली जातात. पिल्लं आईच्या पंखाखाली निजत असतील तर त्यांनाही एवढ्यात हलवू नका. म्हातारी, सुस्त, नाक गळणारी, पातळ हगणारी कोंबडी तर मुळीच नको. अशा कोंबड्या भावकीत ठेवा. आपल्याकडे शेळी जशी अर्ध्या वाट्याने सांभाळायला देतात तशी कोंबडीही देता येते. पिल्लं निम्मी तुमची, निम्मी सांभाळणाऱ्याची. यात आणखी एक मोठा फायदा आहे. तिकडे दुर्दैवाने सगळा कळप गेला, तरी तुमच्या गावठी कोंबड्यांचं बी पाड्यावर शिल्लक राहतं. जिने पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पावसात, मुंगसा-घारींपासून जीव वाचवत अंडी उबवली, ती जात हॅचरीतून विकत आणता येत नाही. तरण्या तलंगा, अंडी देणाऱ्या पण खुडूक नसलेल्या दोन-चार कोंबड्या आणि एखादा कोंबडा, नव्या बिऱ्हाडासाठी एवढं पुरेसं आहे.

पिंजऱ्यात किंवा दोरीने बांधून पाळलेला रानकोंबडा, तित्तर असं काही घरात असेल तर ते हलवायचा विचारही करू नका. हे पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते बाळगणं हाच गुन्हा आहे आणि राज्याची हद्द ओलांडताना तो अधिकच अंगाशी येतो.

मानमोडीची लस

तीन आठवडे आधी करायचं काम म्हणजे लसीकरण. मानमोडी, म्हणजे राणीखेत, पाडेच्या पाडे रिकामे करते हे कुणाला सांगायला नको. मान वाकडी होते, पंख लोंबतात, हिरवट पातळ हगवण लागते, आणि दोन-चार दिवसांत खुराडं ओस पडतं. त्यावर औषध नाही. लस मात्र आहे, स्वस्त आहे आणि चांगली आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब आणि सुमारे आठ आठवड्यांच्या वयाला आर-टू-बीची सुई, हा नेहमीचा क्रम. मोठ्या कोंबड्यांना आधी काहीच दिलेलं नसेल तर काय द्यायचं ते पशुवैद्यकांना विचारा. लस दिल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचलेली लस प्रवासात उपयोगी पडत नाही. उलट सुईचा ताप आणि प्रवासाचा ताण एकदम आला की कोंबडी खचते.

अडचण अशी, की लसीची एक कुपी साधारण शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांतच संपवावी लागते. तुमच्या सहा कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडणार नाही. त्यासाठी अख्ख्या पाड्याच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी खुराड्यात कोंडा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात सांगून सकाळी लस टोचून घ्या. लस बर्फातच आणली पाहिजे. उन्हात, खिशात आणलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र याच भागातलं आहे. परसातल्या कोंबडीपालनाबद्दल काही अडलं तर तिथे जाऊन विचारायला हरकत नाही. पाड्यावरच्या सगळ्यांच्या कोंबड्या टोचल्या गेल्या तर तुम्ही मागे ठेवलेल्या कोंबड्याही वाचतील.

जंताचं औषधही याच दिवसांत द्या, पण लसीच्या दिवशी नको. पिसवा आणि बारीक लाल किडे असतील तर कोंबड्यांना कोरड्या राखेत लोळू द्या. जुनं डालगं सोबत नेऊ नका. बांबूच्या सांध्यांत हे किडे महिनोन्‌महिने दडून राहतात. नवं डालगं घ्या, किंवा जुनं चार दिवस कडक उन्हात टाकून उकळत्या पाण्याने धुऊन मग वापरा.

दाखला

परसातल्या चार-सहा कोंबड्यांना गुजरातच्या हद्दीवर अच्छाडला कुणी अडवेलच असं नाही. म्हणून कागदाची गरज नाही, असा समज मात्र करून घेऊ नका. प्राणी वाहतुकीचे नियम १९७८ चे आहेत आणि २००१ मध्ये त्यात कोंबड्यांसाठी वेगळं प्रकरण आलं. वाहतुकीतली कोंबडी निरोगी असावी, तिला संसर्गजन्य रोग नाही आणि ती प्रवासाला योग्य आहे हे पशुवैद्यकांनी तपासून लिहून दिलेलं असावं, असं त्यात स्पष्ट आहे. दाखला शक्य तितका निघण्याच्या दिवसाजवळचा घ्या. त्यावर कोंबड्यांची संख्या, रंग, अंदाजे वय, लसीची तारीख, कुठून कुठे जाणार ते पत्ते आणि गाडीचा नंबर असावा. एक प्रत गाडीत, एक तुमच्याजवळ. नव्या जागी कोंबडी आजारी पडली तर तिथल्या डॉक्टरांना हाच कागद उपयोगी पडतो, कारण कुठली लस कधी झाली हे त्यांना त्यावरून कळतं.

दाखला मागताना एक प्रश्न नक्की विचारा. जिथून निघतो आणि जिथे जातो, त्या दोन्हीकडे सध्या बर्ड फ्लूमुळे बंदी आहे का? २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली सरकारला एखादा भाग नियंत्रित म्हणून जाहीर करता येतो, आणि मग त्या भागातून पक्षी बाहेर काढता येत नाहीत. मग तो पोल्ट्रीचा ट्रक असो की तुमच्या मांडीवरची टोपली.

ही बंदी किती गंभीरपणे घ्यावी हे सीमेवरच्या माणसांनी नवापूरकडे बघून समजून घ्यावं. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आपल्यासारखंच गुजरातला खेटून आहे, इतकं की तिथल्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला आणि पाठोपाठ हद्दीपलीकडच्या उच्छलमध्येही. दोन्ही बाजूंनी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्यांत मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या कोंबड्यांबरोबर गावागावांतल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच झालं. आपल्या पालघर जिल्ह्यातही फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरार भागात हा रोग आढळला होता. आता नियम असा आहे, की रोग सापडलेल्या जागेभोवती एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख राहते.

अशा वेळी आपल्या दोन कोंबड्या रात्रीतून नातेवाइकांकडे पोचवाव्यात असं वाटणं माणसाचं आहे. मायेने वाढवलेलं जनावर कोण मरू देईल? पण तसं केलं तर ज्याच्याकडे नेता त्याचा कळप, त्याच्या शेजाऱ्याचा कळप, आणि माणसांचाही जीव तुम्ही धोक्यात घालता. हा रोग माणसालाही क्वचित होतो, पण होतो तेव्हा जिवावर बेततो. शिवाय सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. लपवलेल्या आणि मग मेलेल्या कोंबडीची काहीच मिळत नाही. अचानक दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं असं दिसलं तर हात न लावता १९६२ ला फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रात चालतो आणि गुजरातेतही. बंदी असेपर्यंत प्रवास पुढे ढकला. बिऱ्हाड हलवा, कोंबड्या मागाहून न्या.

टोपली, गाडी आणि पहाट

वाहतुकीच्या नियमात मोठ्या कोंबडीला किमान ४८० चौरस सेंटीमीटर जागा सांगितली आहे, आणि एका खोक्यात बारापेक्षा जास्त मोठ्या कोंबड्या घालता येत नाहीत. बारा कोंबड्यांच्या खोक्याचं माप ११५ सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ४५ उंच असं दिलं आहे. सहा कोंबड्या असतील तर त्याच्या निम्म्या लांबीची टोपली घ्या. तळाला पेंढा किंवा भाताचा तूस घाला, म्हणजे पाय घसरत नाहीत. घसरल्यामुळे मांडीचा सांधा निखळलेल्या कोंबड्या पुढे लंगड्याच राहतात. कोंबडा वेगळ्या टोपलीत हवा. नियमही तेच सांगतो, आणि अनुभवही. अंधाऱ्या, हलत्या जागेत घाबरलेला कोंबडा माद्यांना चोची मारून तुरे रक्ताळून टाकतो. लहान पिल्लं आणि मोठ्या कोंबड्यासुद्धा एकत्र नकोत.

पाय बांधून मोटरसायकलच्या हँडलला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण दर बाजाराच्या दिवशी बघतो, म्हणून ते चालतं असं मुळीच नाही. उलटं टांगल्यावर पोटातली आतडी छातीवर दाबली जातात आणि तिला श्वास घ्यायला त्रास होतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा आहे. आणि मला विचाराल तर, कायदा नसता तरी ज्या हाताने रोज दाणे टाकले त्याच हाताने हे करू नये.

टोपल्या एकावर एक रचू नका. सामानाच्या आत घुसवू नका. टेम्पोत त्या मागच्या बाजूला, हवा लागेल पण थेट वाऱ्याचा झोत बसणार नाही अशा ठेवा, आणि वरून सुती कापड टाका. प्लास्टिकचा कागद नको. त्याने गुदमरतात. माणसं नेणाऱ्या इको-मॅजिक गाडीतून न्यायच्या असतील तर ड्रायव्हरशी आधी बोला, मांडीवर टोपली घेऊन आयत्या वेळी वाद नको. रेल्वेच्या प्रवासी डब्यात पक्षी नेता येत नाहीत. टोपली सामानाच्या डब्यात बुक करावी लागते. घोलवड, संजाण, भिलाड अशा मोजक्या स्टेशनांसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा पहाटेचा टेम्पो बरा.

पहाट का, हे नीट समजून घ्या. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते. आपल्या किनारपट्टीवरची हवा दमट. दमट हवेत धापेने अंग निवत नाही. म्हणून विदर्भातल्या ४० अंशांपेक्षा डहाणूचे ३४ अंश कधीकधी तिला जास्त जड जातात. म्हणून कोंबड्यांची वाहतूक थंड हवेत करणंच बरं. डहाणू-तलासरीत अशी हवा कधी मिळते? डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पहाटे. एरवी उजाडण्याआधी निघावं आणि उन्हं चढायच्या आत पोचावं, एवढंच हातात असतं. महामार्गावर दापचरी-अच्छाडच्या आसपास ट्रकांच्या रांगा लागल्या की तासाभराचा रस्ता तीन तासांचा होतो, हे धरून चाला. उंबरगावला जायचं असेल तर बोर्डी-झाईचा किनाऱ्याचा रस्ता आहे. सेलवासच्या बाजूला जाणाऱ्यांनी उधव्याकडून खानवेलला निघणाऱ्या रस्त्याची चौकशी करावी.

कोंबड्या पकडायच्या त्या आदल्या रात्री, अंधारात, खुराड्यातून. अंधारात त्या शांत असतात. सकाळी अंगणात पळवून पकडलेली कोंबडी निघण्याआधीच अर्धी थकलेली असते. पहाटे थोडे दाणे आणि पोटभर पाणी द्या. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी मिळालंच पाहिजे असा नियम आहे, पण आपल्या दमट हवेत मी तर म्हणेन, गाडी कुठे थांबली की वाटी पुढे करा. चोच उघडी, पंख अंगापासून दूर, मान ताणलेली दिसली की गाडी सावलीत थांबवा, पाय आणि तुरा ओल्या फडक्याने पुसा, घोटघोट पाणी पाजा. बादलीत बुडवू नका.

नव्या खोलीत

खोली ठरवतानाच घरमालकाला कोंबड्यांचं सांगा. वापी-सरीगामच्या चाळींमध्ये भिंतीला भिंत असते, पहाटे चारला कोंबडा आरवला की पाळीवरून येऊन झोपलेला शेजारी उठतो. काही वस्त्यांमध्ये कोंबडी पाळणं पसंत पडत नाही, त्याचाही मान ठेवायला हवा. नगरपालिकेच्या हद्दीत पाळीव पक्ष्यांबाबत काय नियम आहेत ते नगरपालिकेतच विचारा. जागा चाळीतली असेल तर कोंबडा गावी ठेवा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो.

पोचल्यावर सात-दहा दिवस कोंबड्यांना नव्या खुराड्यातच ठेवा. त्या जागेला घर समजायला तेवढे दिवस लागतात. मग पहिल्यांदा सोडायच्या त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या तासभर आधी. अंधार पडू लागला की त्या आपसूक आत परततात. पहिल्याच सकाळी मोकळ्या सोडल्या तर रस्ता, कुत्री, परकी माणसं यांच्यात त्या सैरभैर होतात. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत मात्र २१ दिवस मिसळू देऊ नका. मानमोडी अंगात असेल तर या काळात बाहेर पडते. याच कारणासाठी वाटेत आठवडी बाजारातून घेतलेली स्वस्तातली तलंग आपल्या टोपलीत टाकू नका. बाजारातल्या डालग्यात दहा गावांचे रोग एकत्र बसलेले असतात.

अंडी बंद होतील. घाबरू नका. जागा बदलली की आठवडा-दोन आठवडे कोंबडी अंडी देत नाही, कधी पिसंही गाळते. खाद्य मात्र सांभाळा. पाड्यावर ती दिवसभर उकिरडा उकरून किडे, वाळवी, सांडलेले दाणे, गवताचं बी खाते. चाळीच्या बोळात यातलं काहीच नाही. नुसत्या भाताच्या कण्यांवर ती जगेल, पण अंडी देणार नाही. गावाकडचा कणी-कोंडा पंधरा दिवस पुरेल इतका सोबत न्या आणि त्यात हळूहळू लेअरचं तयार खाद्य मिसळत जा. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम लागतं. कवच पातळ होऊ नये म्हणून शिंपल्यांचा चुरा द्या. डहाणूच्या खाडीकाठच्या माणसाला तो विकत घ्यावा लागत नाही, निघताना डबाभर भरून घ्या.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं थोडं वेगळं आहे. दिवाळीनंतर भाताची कामं आटोपली की ती निघतात, टोपलीत दोन कोंबड्या घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परततात. जायची वेळ थंडीची असते, म्हणून जाताना फारसं बिघडत नाही. परतीचा प्रवास मात्र मे महिन्याच्या घामट उकाड्यात, आणि तेव्हाच मानमोडीही जोरात असते. भट्टीवर वेगवेगळ्या तालुक्यांतल्या, वेगवेगळ्या राज्यांतल्या कोंबड्या एकत्र चरलेल्या असतात. तिथून आलेली एक आजारी कोंबडी अख्खा पाडा बसवू शकते. म्हणून परतताना रात्रीची गाडी धरा, आणि घरी आल्यावर तिला तीन आठवडे इतरांपासून लांब, दुसऱ्या झापात ठेवा. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. तिला दाणे घालून झाले की हात-पाय धुऊनच घरच्या कोंबड्यांकडे जा, आणि आधी घरच्यांना, मग तिला, असा दाण्यांचा क्रम ठेवा. पोरांना हे नीट समजावून सांगा, कारण परत आलेल्या कोंबडीकडे पहिली धाव त्यांचीच असते.